हसा आधी, पैसे नंतर

अमेरिकेत दोन वर्षं काढून लंडनला आलेल्या देशी माणसाची पबमध्ये हमखास पंचाईत होते. आमच्या टीममधल्या एकाने सवयीने बारवर दोन पौंड ठेवले आणि ग्लास घेऊन निघाला, तर मागून बारवाल्याची हाक, "सुटे विसरलात!" इंग्लंडच्या पबमध्ये बारवर टीप देत नाहीत. फारच दोस्ती झाली तर ऑर्डर देताना म्हणायचं, 'अँड वन फॉर युअरसेल्फ', म्हणजे तुझ्यासाठीपण एक घे. मग तो आपल्या बिलात एका ड्रिंकचे पैसे लावतो आणि काम संपल्यावर पितो, किंवा पैसे नुसतेच बाजूला ठेवतो. टेबलावर बसून जेवलात तर दहा टक्के, किंवा सर्व्हिस चार्ज बिलातच लावलेला असतो. संपलं.

अमेरिकेत मात्र दर ड्रिंकमागे एक डॉलर हा जवळजवळ कायदाच. कारण साधं आहे. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडकलंय (काही राज्यांत जास्त आहे, पण ते असो). बाकीचा पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून. ब्रिटनमध्ये २००९ पासून टीप किमान वेतनात धरताच येत नाही आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर टीपची सगळी रक्कम कामगारांनाच द्यावी लागते. त्यामुळे एकीकडे टीप हा पगार आणि दुसरीकडे ती नुसती ओळख. बिअर दोन्हीकडे तशीच ओततात! टीप म्हणजे कामाची पावती हा आपला एक गोड गैरसमज आहे. निम्म्या वेळा आपण ती भिडेखातर देतो.

आता हसू घ्या. ते भिडेखातर देता येत नाही. दिलं तर समोरच्याला लगेच कळतं. (मॅनेजरच्या जोकला मीटिंगमध्ये हसून बघा :-)) म्हणून मला बरीच वर्षं वाटायचं, की कॉमेडियन मोठा की छोटा हे मोजणं एकदम सोप्पं. हशे मोजा.

मग एका ऑगस्टमध्ये एडिनबराला गेलो. तिथल्या फ्रिंज फेस्टिव्हलमध्ये 'फ्री फ्रिंज' नावाचा प्रकार आहे. पीटर बकली हिल नावाच्या गृहस्थांनी १९९६ मध्ये तो सुरू केला. पबची मागची खोली, माडी, तळघर, जे मिळेल ते. कलाकाराकडून जागेचं भाडं घेत नाहीत, प्रेक्षकाला तिकीट नाही. पबवाल्याची बिअर खपते आणि शेवटी कॉमेडियन बादली घेऊन दारात उभा राहतो. आपल्याकडे कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं, अगदी तसंच. (आता बादलीशेजारी कार्डाचं मशीनपण असतं. 'कॅश नाही' ही सबब गेली.) ह्या बादल्यांना कमी लेखू नका हं. जॉन कर्न्सने इथल्याच फुकट शोवर २०१३ मध्ये नवोदितांचं आणि २०१४ मध्ये मुख्य पारितोषिक मारलं.

एकाच दिवशी मी दोन शो पाहिले. पहिला जाम तयारीचा गडी. दर पंधरा सेकंदांना हशा, खोली खच्चून भरलेली. बादलीचं भाषणसुद्धा घोटलेलं: नाण्यांचा आवाज होतो, नोटांचा होत नाही, वगैरे. पाच पौंड टाकले. रात्री रूमवर आल्यावर त्याचा एकही विनोद आठवेना.

दुसरी पंचेचाळिशीची बाई. माडीवर आम्ही अकरा जण, खालून फुटबॉलचा आरडाओरडा. तिचे वडील बस ड्रायव्हर होते, त्यांना डिमेन्शिया झालेला. रात्री ते सोफ्यावर बसून स्टॉपची नावं पुकारायचे. पहिली वीस मिनिटं कोणी धड हसेना. दोघं उठून गेलेपण. ती घाबरली नाही, एक फालतू जोक टाकून आम्हाला परत ओढलं नाही. थांबली. मग म्हणाली, एका रात्री मीच बसमध्ये चढले. बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता भाडं मागितलं. मी नोट पुढे केली. ते म्हणाले, सुटे नसतील तर उतरा. (एडिनबराच्या बसमध्ये रोख भाडं मोजूनच द्यावं लागतं.) तिला आपल्याच घरात सोफ्यावरून उतरावं लागलं. आम्ही नऊ जण असे हसलो की खालचा फुटबॉल ऐकू येईना, आणि त्यातले दोघं-तिघं डोळेही पुसत होते.

हशे मोजले तर पहिला बुवा दहापट मोठा! पण मला वाटतं थोर कॉमेडियन हमखास मिळणारा हशा सोडून देऊ शकतो. रिचर्ड प्रायर बिल कॉस्बीच्या वळणाचे सोवळे विनोद करून बरे पैसे कमवत होता. १९६७ मध्ये लास वेगासला भर कार्यक्रमात स्टेजवरून चालता झाला. चालू धंदा टाकून! पुढे १९७९ च्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' ह्या चित्रपटात तो स्वतःचाच हार्ट अटॅक करून दाखवतो. हृदय दमदाटी करतंय, हा गयावया करत जमिनीवर लोळतोय आणि थिएटर हसून बेजार. तो बघाच.

आणि पैसे? त्याच १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर'मध्ये कॉमेडियन्सनी संप केला. तिथे दारू विकली जायची, वेट्रेसना टीप मिळायची आणि ज्यांच्यासाठी गर्दी व्हायची त्यांना शून्य. का, तर म्हणे ही शिकायची जागा आहे. (फ्रेशर असताना हे वाक्य कोणी ऐकलं नाही?) शेवटी दर खेळामागे २५ डॉलर ठरले.

एडिनबराची ती बाई बादली घेऊन दारात उभी राहिली आणि वडिलांच्या आवाजात म्हणाली, "सुटे मोजून." मी दहाची नोट टाकली. उरलेल्या सगळ्यांनी दहा-दहा टाकले असं धरलं तरी नव्वद पौंड होतात. ऑगस्टमध्ये एडिनबरात एका रात्रीची बरी खोली त्यात येत नाही.