सवयींचा रकाना

संशोधक डॉक्टरांच्या बायोडेटात प्रकाशनांची यादी शेवटी असते आणि वाचणारा आधी आकडा बघतो. पेपर किती? बढतीच्या मुलाखतीत बहुधा तेवढ्यावर भागतं. शीर्षकं वाचत बसायला वेळ कुणाला आहे! पण तोंडाच्या कॅन्सरवरच्या जुन्या कामाची शीर्षकं सावकाश वाचावीत अशी आहेत.

वसंत रामजी खानोलकरांचंच बघा. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा छापला. निवडून काढलेले रुग्ण नव्हेत, जो आला तो मोजला. पुढच्याच वर्षी सूर्याबाईंच्या जोडीने लिहिलेल्या पेपरात चालीरीतींशी जोडलेले कॅन्सरचे तीन प्रकार मांडले. चुट्टा (देशी चिरूट) उलटा, म्हणजे जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा. खैनीची चिमूट खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवणाऱ्यांना नेमका तिथलाच. आणि तिसरा तोंडाचा नव्हेच: धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने कमरेच्या कातडीला होणारा.

या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर चित्र साधारण एकच दिसतं. स्क्वॅमस पेशींची खोल शिरलेली बेटं, मध्ये केराटिनचे गुलाबी मोती. ती स्लाइड बघून ‘हा चुट्टा, ही खैनी’ असं सांगणारा पॅथॉलॉजिस्ट अजून जन्मायचाय. ते कळतं रुग्णाला विचारल्यावर. खानोलकर स्लाइडवरून मान वर करून विचारत होते, म्हणून तो पेपर नुसता गाठींचं वर्णन होऊन राहिला नाही. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ओढलेला तंबाखू आणि चघळलेला तंबाखू यांचा घशा-तोंडाच्या कॅन्सरशी संबंध तपासला, तिथेही पाया तोच, रुग्णाने दिलेली उत्तरं.

केस रिपोर्ट लिहिणाऱ्यांची आपल्याकडे जरा टिंगलच होते. यादी फुगवायचा सोपा मार्ग, असं म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मग सबम्यूकस फायब्रोसिसचं काय करायचं? सुपारी खाणाऱ्यांच्या गालाचं अस्तर आतून कडक, पांढुरकं होत जातं, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस जबड्यात आपलीच तीन बोटं उभी मावेनाशी होतात. हा आजार आधुनिक वैद्यकात आला तो १९५२ मध्ये, श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांचं वर्णन केलं तेव्हा. पाचच! पुढच्या वर्षी मुंबईच्या जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. मग १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सिरसाट यांचा सविस्तर पेपर, आणि १९६८ मध्ये भारतातल्या ५०,९१५ खेडुतांची तोंडं तपासून काढलेलं प्रमाण. पाच बायकांची ती नोंद कुणी ‘किरकोळ’ म्हणून बाजूला टाकली असती, तर पुढच्यांनी शोधायचं तरी काय?

परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ मध्ये खारघरला आली आणि ‘ॲक्ट्रेक’ झाली. इथे प्रश्न जनुकांपर्यंत गेला. गाल आणि हिरडी यांच्या सांध्यातला कॅन्सर हा खास आपल्याकडचा, कारण गुटख्याची, तंबाखूची गोळी तिथेच मुरत ठेवतात. त्यातले जनुकीय बदल ॲक्ट्रेक आणि कल्याणीची जिनोमिक्स संस्था यांनी २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडले. गंमत म्हणजे लेखकाच्या जागी तिथे ‘इंडिया प्रोजेक्ट टीम’ असं नाव आहे. आता हा पेपर कुणाच्या खात्यात किती मोजायचा, हे बढतीच्या समितीनेच ठरवावं.

दुसरी वाट सूक्ष्मदर्शकापासून लांब गेली. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजार ग्रामस्थांना घरोघरी जाऊन तो सोडायला सांगितलं आणि मग कॅन्सरच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे कमी होतात का ते पाहिलं. झाले. १९८६ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. गुप्तांची हीलिस संस्था पुढे नवी मुंबईतच उभी राहिली.

एवढं सगळं होऊन बायोप्सीसोबत येणाऱ्या फॉर्मवर सवयींच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द असतो: ‘तंबाखू’. कुठल्या गालात, चुन्यासोबत की मावा, किती वर्षं, रात्री तोंडात ठेवून झोपतो का, काही नाही. त्याहून वाईट, ‘छे, तंबाखू नाही, नुसती सुपारी’ असं सांगणाऱ्याच्या नावापुढे ‘सवय नाही’ असं लिहून टाकतात. ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवल्याचा ग्रंथ २००४ मध्येच निघाला आहे. तो फॉर्म पुढे कुणाच्या तरी आढाव्यात जातो, आणि सुपारी खाणारा हा माणूस तिथे निर्व्यसनींच्या बाजूला मोजला जातो.