समारियाची घळ आणि उठलेले गाव

ग्रीस म्हटले की कॅलेंडरवरची पांढरी घरे आणि निळा समुद्र डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्या देशाचा बराच भाग डोंगराळ आहे, आणि युरोपातून असंख्य माणसे सुट्टी काढून तेथे केवळ पायी चालण्यासाठी जातात. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. तेथले विमानभाडे आमच्या पगारात बसत नाही. पण नकाशा पसरून वाट समजून घ्यायला पैसे पडत नाहीत. शिवाय तो देश आपल्याला अगदीच परका नाही. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर ज्या यवन दात्यांचे लेख आहेत, त्या ‘यवन’ शब्दाचे मूळ ग्रीकांच्या आयोनियन या नावात आहे.

सर्वांत नावाजलेली वाट क्रीट बेटावरची, समारियाच्या घळीची. ओमालोसच्या पठारावरून, सुमारे १,२०० मीटर उंचीवरून, माणसे सकाळीच उतरू लागतात. सुरुवातीच्या जागेचे नाव झिलोस्कालो, म्हणजे लाकडी जिना. तेथून पाइन आणि सायप्रसच्या झाडीतून, दगडगोट्यांवरून सुमारे १६ किलोमीटर चालले की समुद्रकाठचे आगिया रुमेली गाव लागते. एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मध्ये जेमतेम चार मीटर जागा उरते. आगिया रुमेलीला मोटारीचा रस्ता नाही. तेथून बोटीनेच पुढे जायचे. घळीत पाय मुरगळला तर खेचरावर बसवून नेतात.

या वाटेच्या मध्यावर समारिया हे गाव आहे. ओसिया मारिया या जुन्या चर्चवरून त्याला हे नाव पडले. दगडी घरे उभी आहेत, राहणारे कोणी नाही. १९६२ साली ही घळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि गावकऱ्यांना घरे सोडून बाहेर जावे लागले. येथल्या क्री-क्री नावाच्या रानबोकडाला अभय मिळाले, ते चांगलेच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच घळीत राहिलेल्या माणसांसाठी तेथे जागा उरली नाही, हे आम्हाला खटकते. आज चालणारे त्याच गावात सावलीला बसून शिदोरी सोडतात. ती घरे कोणाची होती, असे त्यांतले किती जण विचारीत असतील?

इतर बेटांवर, नाक्सोस, आंद्रोस, आमोर्गोस येथे, चालायच्या वाटा म्हणजे जुने खेचरांचे फरसबंद रस्ते. त्यांना काल्देरिमी म्हणतात. मोटारी येण्यापूर्वी सारा माल यावरूनच जाई. कडेच्या भिंती चुना-सिमेंटशिवाय नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या. या कलेला २०१८ साली युनेस्कोने ग्रीससह आठ देशांचा वारसा म्हणून मान्यता दिली. कारागिरांची नावे मात्र कोठेच नाहीत.

एका स्थानिक माणसाचे नाव टिकले आहे. ग्रीसचे सर्वोच्च शिखर ऑलिंपस, उंची २,९१७ मीटर. २ ऑगस्ट १९१३ रोजी दोन स्विस गृहस्थ त्यावर पोहोचले. वाट दाखवीत पुढे होता तो पायथ्याच्या लितोखोरो गावचा शिकारी ख्रिस्तोस काकालोस. एरवी अशा चढाईत वाटाड्याचे नाव गाळले जाते. येथे एका शेजारच्या शिखराची वाटही नव्हे, थेट सर्वोच्च माथा त्याच्या नावाशी जोडला गेला.

आता उन्हाविषयी. तेथले ऊन कोरडे असते, घाम लगेच वाळतो, त्यामुळे धोका कळत नाही. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या दूरदर्शनवर लोकांना आरोग्याचे सल्ले देणारे डॉक्टर मायकेल मोस्ली सिमी बेटावर भर दुपारी एकटेच चालत निघाले. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. त्याच महिन्यात इतर बेटांवरही चालायला गेलेले काही पर्यटक मृत आढळले. जाणकार लोक मे किंवा सप्टेंबर निवडतात. जुलै-ऑगस्टमध्ये निघायचेच तर पहाटे निघतात, सोबत कोणीतरी असते, आणि फार ऊन असेल त्या दिवशी समारियाचे फाटकच अधिकारी उघडत नाहीत.