राज्यपालांची एक सही

संपादकांनी विषय दिला तो माजी हवाई दल प्रमुख इद्रिस हसन लतीफ यांच्या कारकिर्दीचा, आणि बजावलं की कलमं कमी हवीत, माणूस जास्त. मी राज्यघटना शिकवते. लतीफांची आणि माझी गाठ एका खटल्याच्या कागदांत पडली, त्यामुळे कलमं थोडी येणारच.

माणूस मोठाच होता. जन्म 1923 चा, हैदराबादचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उड्डाणं केली. फाळणीत सैन्यदलांचीही वाटणी झाली, तेव्हा असगर खान आणि नूर खान या सहकाऱ्यांनी ‘पाकिस्तानात चल’ म्हणून आग्रह धरला. लतीफ इथेच राहिले. पुढे ते दोघे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले आणि 1978 मध्ये लतीफ भारताच्या. त्यांच्याच काळात जग्वार विमानं दाखल झाली. 1981 मध्ये ते निवृत्त झाले आणि मार्च 1982 मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईत आले. त्यांच्या आधीचे राज्यपाल ओमप्रकाश मेहरा, तेही माजी हवाई दल प्रमुखच.

लष्करी माणूस राजभवनात गेला की लोकांना वाटतं, आता सरकार वठणीवर येणार. या समजुतीचा मला मनापासून वैताग येतो. 1982 मध्ये गिरणी संप चालू होता, ऑगस्टमध्ये पोलिसांनीच बंड केलं, मुंबई पेटली. तेव्हा राज्यपाल काय करत होते, असं मला व्याख्यानांनंतर अजूनही विचारतात. घटनेच्या कलम 163 प्रमाणे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1974 मध्ये हे पक्कं केलं. हुकूम देणारा राज्यपाल पाहायचा असेल तर नूर खानांकडे पाहावं. 1969 मध्ये तेही राज्यपाल झाले, पश्चिम पाकिस्तानचे, पण तिथे लष्करी कायदा होता. एकाच दलात वाढलेल्या दोन वैमानिकांच्या वाट्याला नावाने सारखी आणि अधिकाराने अगदी वेगळी पदं आली, ती त्यांच्या देशांच्या घटनांमुळे. स्वभावाचा त्यात काय संबंध?

मात्र या नियमाला फटी आहेत, आणि त्यातली एक माझ्या आवडीची आहे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला भरायला भाजपचे नेते रामदास नायक निघाले. 1947 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 प्रमाणे, लोकसेवकावर खटला भरायचा तर त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. मुख्यमंत्र्यांना दूर करणार राज्यपाल. पण राज्यपाल चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख स्वतः आरोपी! मग मंजुरीचा सल्ला द्यायचा कोणी? राज्यपालांनी हा निर्णय स्वतःच्या बुद्धीने घ्यावा, ही भूमिका उच्च न्यायालयात सरकारी बाजूनेच मान्य केली होती. नंतर त्या कबुलीवरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1982 मध्ये सांगितलं, न्यायमूर्तींनी नोंदवलेली कबुली नाकारता येणार नाही, आणि ती योग्यच होती.

त्याच महिन्यात लतीफांनी मंजुरी दिली. कशी दिली, हे महत्त्वाचं. तीन विषयांतल्या पाच बाबींपुरती ती होती, बाकी सगळ्या त्यांनी नाकारल्या. आरोप खरे की खोटे यात मी शिरत नाही. पण सरसकट होकार आणि सरसकट नकार हे दोन्ही सोपे रस्ते समोर असताना बाब निवडून सही करायची, तर प्रकरण बाब-बाब वाचावं लागतं. लोकांना लतीफ म्हटलं की विमान दिसतं. मला 1971 च्या युद्धकाळात हवाई मुख्यालयात नियोजनाचं काम पाहणारे लतीफ दिसतात. ते काम टेबलावरचं होतं. ही सवय तिथून आली, याला माझ्याकडे पुरावा नाही. माझं मत मात्र तेच आहे.

पुढे फेब्रुवारी 1984 मध्ये घटनापीठाने ठरवलं की या खटल्याला मंजुरीची गरजच नव्हती. ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे, ते पद न्यायालय दखल घेतं त्या दिवशी आरोपीकडे असेल तरच तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मंजुरी लागे. अंतुले जानेवारी 1982 मध्येच पायउतार झाले होते. म्हणजे ती सही फुकट गेली, असं कायद्याचे पदवीधरसुद्धा म्हणतात, आणि तिथे माझा आवाज चढतो. सही झाली तेव्हा हा कायदा ठरलेला नव्हता. आणि 2004 मध्ये मध्य प्रदेशातल्या दोन मंत्र्यांवरच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींसमोर राज्यपालांनी स्वतःच्या बुद्धीने मंजुरी द्यावी का, हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांना अंतुले प्रकरणातल्या त्या जुलैच्या निकालाकडे वळावंच लागलं. मंत्रिमंडळाने मंजुरी नाकारली होती, राज्यपालांनी स्वतःच्या अधिकारात दिली, आणि न्यायालयाने राज्यपालांची बाजू उचलून धरली.

लतीफ 1985 मध्ये राजदूत म्हणून फ्रान्सला गेले. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा मी वाचलेल्या मृत्युलेखांत फाळणी होती, जग्वार होतं. या मंजुरीवर एक ओळही नव्हती. अभ्यासक्रमातही खटल्याचं नाव येतं, सही करणाऱ्याचं येत नाही. माझ्या वर्गात ते येतं, आणि पाचच बाबी का, हा प्रश्न मी प्रत्येक तुकडीला घालते.