नाण्यावरची रडणारी बाई

बालमित्रांनो, चला, आज आपण रोमला जाऊ या. तिकीट नको, पासपोर्ट नको. नुसतं माझ्याबरोबर चालायचं!

हा दगडी रस्ता म्हणजे 'व्हिया साक्रा', पवित्र मार्ग. लढाई जिंकून आलेल्या सेनापतीची मिरवणूक इथूनच जायची. मागे राहिलं ते कलोसियम, आणि समोर ही टायटसची कमान. कमानीखाली उभं राहून आतली भिंत बघा. दगडात कोरलेले हे लोक खांद्यावर काय घेऊन चाललेत? सात शाखांची भलीमोठी समई! ती जेरूसलेमच्या ज्यू मंदिरातली. इ. स. ७० मध्ये टायटसच्या फौजेनं ते शहर जिंकलं, मंदिर जळालं आणि तिथली लूट रोमला आली.

पण कमान पडली जागच्या जागी. विजयाची बातमी दूरदूर पोचवायची कशी? तेव्हा वर्तमानपत्रं कुठली! मग टायटसचे वडील, सम्राट व्हेस्पेशियन, यांनी ती चक्क नाण्यांवर उमटवली.

त्यांतलं 'ऑरियस' म्हणजे सोन्याचं नाणं. वजन सुमारे ७ ग्रॅम. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार अशी ९ नाणी! एका बाजूला सम्राटाचा चेहरा. आता उलटं करा. खांबाला टांगलेली जिंकलेली शस्त्रं, आणि त्यांच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली एक बाई. हातावर डोकं टेकून ती रडते आहे. खाली तिच्या देशाचं नाव, 'ज्युडिया'. ही एकटी बाई म्हणजे सगळा हरलेला देश.

रोमनांना मिरवायचा होता आपला विजय. आपल्या मनात राहते ती मात्र ही बाई.

तिचं दुःख आपल्या कोकणालाही ठाऊक आहे बरं का! रायगडकडचे बेने इस्राएल लोक म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांतले बरेच जण आता इस्राएलमध्ये राहतात. ते मंदिर गेलं त्या दिवसाची आठवण म्हणून ज्यू लोक उपास करतात. त्या दिवसाला बेने इस्राएल लोकांनी आपल्या मराठीत नाव दिलं, 'बिरड्याचा सण'. कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायची त्यांची रीत!

रोमचं साम्राज्य केव्हाच संपलं. ती नाणी आता संग्रहालयांत काचेमागे आहेत. आठवण मात्र घराघरांत राहिली.

तेव्हा मुलांनो, जुनं नाणं पाहायला मिळालं तर त्याच्या दोन्ही बाजू बघायच्या. जिंकला कोण, हे तर बघायचंच. पण रडलं कोण, तेही विचारायचं!