विहिरीवरचा प्रसंग

‘शोले’ मी आधी ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी पाहिला. ऐकवला मामानं.

तेव्हा गोव्यातल्या आमच्या पार्से गावाहून सिनेमाला जायचं म्हणजे म्हापसा गाठायचा. चोपड्याला उतरून फेरीबोटीनं शिवोली, तिथून बस. शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा दिवस, आणि नवा पिक्चर लागतो तोही शुक्रवारीच. हा योगायोग जणू मामासाठीच घडवलेला होता. जाताना त्याच्या पिशवीत नारळ आणि मिरच्या असत, येताना सुकी मासळी, गूळ आणि डोक्यात एक अख्खा सिनेमा. ‘अलंकार’ किंवा ‘एल कॅपिटन’चा खेळ संपवून तो शेवटच्या बोटीनं परतायचा. बाजाराला एवढा वेळ कसा लागला, हे आजी विचारायची. पण उत्तर ऐकायला तीच सर्वांत पुढे बसायची.

मामा सिनेमा सांगायचा तो सोप्यावर बसून, गाण्यांसकट. गब्बरचा आवाज तो घशातून काढायचा आणि घोड्यांच्या टापा मांड्यांवर वाजवायचा. पण त्याच्या ‘शोले’तला मला सर्वांत आवडलेला प्रसंग अगदी शांत होता. संध्याकाळची वेळ. राधा विहिरीवर पाणी काढायला येते. जय आधीपासून तिथं उभा असतो. तो माऊथ ऑर्गन खिशात ठेवतो आणि तिच्या हातातली दोरी घेतो. घागर भरून वर येईपर्यंत दोघं चार वाक्यं बोलतात. ती चार वाक्यं मामा इतक्या हळू सांगायचा, की आजी हातातलं काम थांबवायची.

पुढं चवथीच्या दिवसांत वाड्यावर वर्गणी काढून व्हिडिओ आणला. गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या काकड्यांचा आणि दोडक्यांचा वास येत असलेल्या खोलीत आम्ही रात्रभर तीन पिक्चर पाहिले. त्यात ‘शोले’ होता. मी विहिरीची वाट पाहत बसलो. राधा कंदील मालवत राहिली, जय लांबून माऊथ ऑर्गन वाजवत राहिला आणि मग पुलाजवळ तो मेला. विहीर आलीच नाही. मला वाटलं, कॅसेट कापलेली आहे.

सकाळी मामाला विचारलं. तो जराही ओशाळला नाही. “नासलो?” तो म्हणाला. “मगे आसूंक जाय आसलो.” नव्हता? मग असायला हवा होता.

सिनेमावरचं इतकं नेमकं मत मी नंतर फार थोड्या वेळा ऐकलं आहे. दोन माणसं एकमेकांकडे बघतात, बोलत नाहीत आणि एक मरून जातो, हे मामाला सोसलं नव्हतं. ‘लेखकानं इथं कमी केलं’ असं कुणीही म्हणालं असतं. मामानं कमी होतं ते घालून दिलं.

ही सवय त्याला कुठून लागली, हे कळायला आमच्या गावातली एक तरी दशावताराची रात्र जागावी लागते. पेडणे महालात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्यात ही रात्र एकाच रंगाची असते. वेंगुर्ल्याच्या एका नामांकित मंडळाच्या नावातच ‘पार्सेकर’ आहे. नदीनं राज्य वेगळं केलं तरी आडनावं वेगळी झाली नाहीत. देवळासमोर एक बाकडं असतं आणि पायपेटी, मृदंग, झांज. गणपती येऊन जातो, संकासुर येऊन जातो आणि मग आख्यान सुरू होतं. त्या आख्यानाची लिखित संहिता नसते. रंगायला बसण्यापूर्वी कथा कुठून कुठवर न्यायची एवढं ठरतं. बोलणं ज्यानं त्यानं उभ्या उभ्या करायचं. म्हणून तोच रावण आणि तोच राम असूनही कालचं नाटक आज पुन्हा होत नाही. आमच्याकडचा प्रेक्षक तेच आख्यान वीस वेळा पाहतो. गोष्ट त्याला पाठ असते. तो बघतो, आज नट त्या जागी काय बोलला, आणि मनात म्हणतो, मी असतो तर काय बोललो असतो.

त्यात अर्धं गाव स्वतः रंगमंचावर उभं राहिलेलं. जत्रेला नि उत्सवाला गावातल्याच माणसांनी मराठी नाटक करायचं, ही गोव्याची जुनी रीत. पोस्टमन, मेस्त्री, शाळामास्तर असे सगळे कधी ना कधी तोंडाला रंग लावून आलेले. त्यामुळे आमच्या चहाच्या हॉटेलात भाजी-उंडा खाताना सिनेमाबद्दल जे बोललं जातं, त्याची भाषा नाटकाची असते. ‘एंट्री बरी घेतली.’ ‘पाठांतर चोख, पण डोळे कोरडे.’ ‘टाळी घेण्यासाठी थांबला, तिथंच पडला.’ दिग्दर्शकाचं नाव पुष्कळांना ठाऊक नसतं. पण नटाला कुणी नीट बसवलेलं नाही, हे ते बरोबर ओळखतात.

1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे सगळा वाडा. बाकी देश पडद्याला हात जोडत होता म्हणतात. आमच्याकडेही जोडले, पण भाग संपला की चर्चा रावणाची. दशावतारात रावण करणारे एक वयस्क नट आमच्या शेजारी राहत. अरविंद त्रिवेदींचं हसणं त्यांनी मान्य केलं, आवाज मान्य केला. मग म्हणाले, “पूण तो आपल्या मुकुटाक भियेता.” आपल्या मुकुटाला घाबरतो! पुढच्या रविवारी सगळ्यांचं लक्ष मुकुटाकडे. खरंच, मान वळवताना रावण जरा जपूनच वळवत होता, किंवा आम्हाला तरी तसं दिसलं. एकाच्या मतानं चाळीस जणांचे डोळे बदलतात ते असे.

2001 मध्ये ‘दिल चाहता है’ आला. त्यातले तिघे मित्र शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसून समुद्राकडे बघतात. हा किल्ला शापोरा नदीपलीकडचा. आमच्या बाजूनं रोज दिसणारा. सिनेमा गाजला, किल्ल्यावर गर्दी झाली, तरुण मुलं तिघा-तिघांनी बसून फोटो काढू लागली. मामानं तो प्रसंग पाहून एकच तक्रार केली. त्यांनी कॅमेरा जरा उजवीकडे फिरवला असता तर आमच्या बाजूची मोरजी दिसली असती.

तक्रार हसण्यासारखी होती, पण पुढं सिनेमा खरंच आमच्याकडे वळायला लागला. 2004 मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि कायमचा राहिला. पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात नवी चित्रपटगृहं उभी राहिली, आणि दर नोव्हेंबरात गळ्यात कार्ड अडकवून रांगेत उभं राहणं हा माझाही नेम झाला. त्या रांगेत मत मांडण्याची वेगळीच रीत कळली. बाहेर पडणारा माणूस आत शिरणाऱ्याला बोटांनी तारे दाखवतो: तीन, साडेतीन. एखादा जण कोरियन दिग्दर्शकाचे आधीचे सगळे चित्रपट मोजून हा कितवा चांगला ते सांगतो. मला ती माणसं आवडतात. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत अंधारात बसून, दुपारी समोसा हातात घेऊन दुसऱ्या पडद्याकडे धावणारी माणसं आवडू नयेत कशी? पण घरी आल्यावर मामा विचारायचा, “कसो आसलो?” आणि ‘साडेतीन’ हे उत्तर त्याला चालत नसे. तो चटईवर मांडी घालून बसे. सांगावंच लागे.

मी त्याला माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ सांगितला होता. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, मग एकच जोड दोघं वाटून घेतात. ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. धावण्याच्या शर्यतीत त्याला तिसरा यायचं असतं, कारण बूट तिसऱ्या बक्षिसाला आहेत, आणि तो पहिला येतो. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “तेहरान खंय आसा?” मी सांगितलं. “मगे तांकां आमच्या घरची गजाल कोणें सांगली?” मामाच्या घरी दोन भावांत एक सदरा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

लक्ष्मीकांत शेटगावकरांचा कोंकणी ‘पल्तडचो मनीस’ 2009 मध्ये टोरोंटोला समीक्षकांचं फिप्रेस्की पारितोषिक मिळवून आला. महाबळेश्वर सैलांच्या ‘अदृष्ट’ कादंबरीवरचा हा चित्रपट: सीमेवरच्या रानातला एकटा वनरक्षक, त्याला भेटलेली वेडी बाई आणि दोघांना न सोसणारा गाव. पाहताना माझ्याभोवतीची माणसं विनोद नसलेल्या जागीही हसत होती. आपल्या घरातली बोली एवढ्या मोठ्या पडद्यावरून ऐकू आली की माणूस आधी गोंधळतो आणि मग हसतो. तेच पुन्हा झालं 2016 मध्ये, ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, मालवणी बोलणारे नाईक. आमच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात बोलीचे दोष काढले: ही शहरात शिकली, हिचा हेल खोटा, हा मात्र खरा आमचा. भुतांची भीती कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही. पुढं अण्णा आणि शेवंता आले, तेव्हा शेवंतेची बाजू घेणाऱ्या आणि अण्णांच्या बायकोची बाजू घेणाऱ्या असे वाड्यावर दोन तट पडले. एक काकी मला हलक्या आवाजात म्हणाली, शेवंतेला त्या घरात एकदा तरी जेवायला बसवायला हवं होतं. मामाची विहीर मला तिथं पुन्हा दिसली.

आता प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा पडदा आहे. भाचा कोरियन मालिका बघतो, सून हिंदी, मी मल्याळम. जेवताना कुणी म्हणतं, मस्त आहे, बघ. दुसरा म्हणतो, यादीत टाकलंय. बोलणं तिथंच संपतं. भांडायचं तर दोघांनी तेच पाहिलेलं असावं लागतं, शक्यतो त्याच रात्री.

म्हणून 2025 च्या सप्टेंबरात आमचं हॉटेल पुन्हा तापलं याचा मला आनंद झाला. सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ लागला होता. दिलीप प्रभावळकर, वय 81, बाबुली मेस्त्रींच्या भूमिकेत: दृष्टी विझत चाललेला दशावतारी नट, काळजी करणारा मुलगा आणि डोंगरावर डोळा ठेवून असलेलं खाणीचं राजकारण. गाड्या करून माणसं बघायला गेली. प्रभावळकरांना कोण कसं ओळखतं यावरून वय कळत होतं. वडीलधारे म्हणाले, ‘चौकट राजा’तला नंदू. मधले म्हणाले, मुन्नाभाईतले गांधीजी. एका मुलानं त्यांना तात्या विंचू म्हटलं आणि मार खाल्ला.

परतल्यावर तीन रात्री वाद चालला. रावण करणाऱ्या त्या शेजाऱ्यांचा मुलगा, तोही आता नट, म्हणाला, अर्ध्यापर्यंत दशावतार खरा आहे, पुढं पिक्चर खरा आहे. दुसऱ्याचं म्हणणं, नट सोंगातून बाहेर येतच नाही, हेच तर खरं. डिचोलीत सासर असलेली एक बाई तोवर गप्प होती. ती म्हणाली, खाणीचा ट्रक दाखवला तेव्हा धूळ फार कमी दाखवली. तिनं लहानपणी नव्हे, लग्नानंतर ती धूळ पाहिली होती. भांडी दोनदा धुवावी लागत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा धूळ थांबली आणि घरातला पगारही थांबला, हेही तिनंच सांगितलं, आणि सिनेमावाल्यांनी तो दुसरा भाग सोडला अशी तिची तक्रार. कुणी मोपाचं पठार काढलं, जिथं आता विमानं उतरतात. कुणी म्हणालं, सिनेमावर बोला. पण सगळे सिनेमावरच बोलत होते.

मामा आला नव्हता. त्याची ऐंशी केव्हाच उलटली, डोळ्यांत धुकं आहे, दोन तास खुर्चीत बसवत नाही. तिसऱ्या रात्री मी त्याच्या खाटेजवळ बसलो आणि ‘दशावतार’ सांगू लागलो. पायपेटी तोंडानं वाजवली. बाबुली तोंडाला रंग लावतो ते सांगताना मामाचा हात माझ्या हातात होता. पुढं बाप-लेकाच्या एका रात्रीशी आलो. नाटक संपलेलं, पेटारा बांधून झालेला. मुलगा बापाच्या पायांशी बसतो आणि त्याच्या गालावरचा राहिलेला रंग खोबरेल लावून पुसतो. बाप डोळे मिटून विचारतो, आज कसा झाला? मुलगा म्हणतो, आज मी झोपलो नाही.

मामा ऐकत होता. मग त्यानं डोळे न उघडता विचारलं, “ह्यां तुजां मरे?”

मी काही बोललो नाही.

“रवांदी,” मामा म्हणाला. “बरां आसा. फुडें सांग.”