तेराव्या वर्षी निवृत्त

केंब्रिजमध्ये दोन वर्षं नोकरी केली, तेव्हा ऑफिस सुटल्यावर मी वरचेवर किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये जाऊन बसायचो. इव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची गायली जाणारी प्रार्थना, ऐकायला पैसे पडत नाहीत, एवढं कारण सुरुवातीला पुरेसं होतं. देवाधर्माचं मला फारसं नाही. पुढे जात राहिलो ते गाणाऱ्या पोरांमुळे.

सोळा मुलं, साधारण आठ ते तेरा वर्षांची. सहाव्या हेन्रीनं १४४१मध्ये हे कॉलेज काढलं. सोळा हा आकडा त्याच्याच नियमांतला. मुलं गरीब घरची असावीत, असंही त्यात होतं. तेव्हा त्यांना जेवणघरात वाढायलाही लागे. आताची मुलं नदीपलीकडे कॉलेजच्या शाळेत राहतात आणि फीचा मोठा भाग कॉलेज भरतं. सकाळी शाळेआधी तालीम, मग सगळ्यांसारखे तास, मधूनच पियानो आणि आणखी एखादं वाद्य. संध्याकाळी टॉप हॅट घालून रांगेनं चॅपलकडे. पुलावर वारा सुटला की हॅट धरून चालणारी ती वरात बघून पर्यटक फोन काढतात. पोचल्यावर पुन्हा तालीम, मग प्रार्थना.

मी थक्क व्हायचो ते वेगळ्याच गोष्टीनं. टर्ममध्ये बहुतेक रोज गायचं आणि रोज नवं गायचं. दीडशे स्तोत्रं प्रार्थनापुस्तकात महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. मॅग्निफिकॅटचे शब्द रोज तेच, पण संगीत आज चारशे वर्षांपूर्वीच्या बर्डचं, तर उद्या हर्बर्ट हॉवेल्सनं १९४५मध्ये खास किंग्जसाठी लिहिलेलं. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला समोर आलेलं नोटेशन झरझर वाचून गाता आलं पाहिजे. आमच्याकडे रोज रिलीज करायचं म्हटलं, तर निम्मी टीम सिक लीव्ह टाकेल.

आणि टाळ्या नाहीत. फेब्रुवारीतल्या एखाद्या ओल्या मंगळवारी समोर मोजकी माणसं असली, तरी गाणं त्याच ताकदीचं. शेवटचा सूर दगडी छताखाली फिरत राहतो, तोवर पोरांनी पुस्तकं मिटलेली असतात. एखादा बाहीनं नाक पुसतो. मग सगळे दोन-दोनच्या रांगेत निघून जातात.

जग त्यांना ऐकतं ते २४ डिसेंबरला. हा कार्यक्रम १९१८मध्ये सुरू झाला, १९२८मध्ये बीबीसीवर आला. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. पहिलं कडवं एकच मुलगा गातो, कुठल्याही साथीशिवाय, थेट प्रक्षेपणात. तो कोण हे आधी सांगत नाहीत. तीन-चार जण तयार असतात आणि अगदी ऐनवेळी कंडक्टर एकाकडे खूण करतो. पोराला आदल्या रात्री झोप लागावी म्हणून. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटली होती. आईला लिंक पाठवली आणि फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, आणि बाकीच्या पोरांचं काय?"

मग म्हणाली, "नाताळात तरी आईकडे पाठवायचं ना रे."

पाठवतात. नाताळच्या दिवशीची प्रार्थना गाऊन झाल्यावर.

आईच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आठव्या वर्षी घर सोडणं मला पटत नाही. माझा मुलगा असता तर मी पाठवला नसता. पण ती पोरं बिचारी वाटतात म्हणावं, तर तसंही नाही. आपल्याकडे लहान मुलांनी काही केलं की आपण "छोट्यांसाठी छान आहे" म्हणतो. इथे तशी सवलत नाही. मागच्या ओळीत वीस वर्षांचे विद्यार्थी गात असतात, आणि आठ वर्षांच्या मुलानं सूर सोडला तर तो त्यांच्याइतकाच चुकतो.

फक्त मुदत फार कमी. बाखच्या काळात लायप्झिगमध्ये मुलांचे आवाज सोळा-सतरापर्यंत टिकत, असं जुन्या नोंदींवरून दिसतं. आता खाणंपिणं सुधारलं, मुलं लवकर वाढतात, आणि तेराच्या आसपास आवाज फुटतो. मेहनतीनं तो थांबत नाही. काही जण संगीतातच राहतात. १५९६मध्ये याच क्वायरमध्ये आलेला ऑर्लँडो गिबन्स पुढे मोठा संगीतकार झाला. पण बहुतेकांचं सगळ्यात अवघड, सगळ्यात अचूक काम तेराव्या वर्षीच करून झालेलं असतं. शेजारच्या सेंट जॉन्समध्ये २०२२पासून मुलीही गातात; तिथल्या मुलींचा हिशेब कसा लागेल, याचं मला कुतूहल आहे.

दुसऱ्या वर्षी उजवीकडच्या ओळीत टोकाला एक उंच मुलगा उभा असायचा. वसंतात त्याचं तोंड सगळ्यांबरोबर उघडायचं, पण वरचे सूर आले की तो नुसता पुस्तकात बघायचा. शेजारचा बुटका पोरगा तेवढ्यापुरता जरा मोठ्यानं गायचा. सुट्टीनंतर गेलो, तर टोकाची जागा त्या बुटक्याची झाली होती.