राजिवड्याची हेराल्ड

रत्नागिरीला जायचे तर लोक आंब्याच्या दिवसांत जातात. आम्ही दोघे भाऊ यंदा गेलो ते जूनमध्ये, भर पावसात. सोबत कपड्यांची एक बॅग आणि लोखंडाची एक जड पिशवी. पिशवीत होते बेअरिंग, पितळी कड्या, एक नवा शाफ्ट आणि सुईसारख्या बारीक रोलरची डबी. इंग्लंडमधल्या भाच्याने सुट्टीवर येताना हे सामान आणले होते.

हे सगळे अब्बांच्या गाडीसाठी. १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, ९४८ सीसीची. अब्बा जहाजावर इंजिन खात्यात होते. त्यांनी ती मुंबईत जुनीच विकत घेतली आणि निवृत्त झाल्यावर राजिवड्यातल्या घरी आणली. तेव्हापासून खाडीचा खारा वारा खात ती पडवीशेजारच्या शेडमध्ये उभी आहे.

आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची ही गाडी १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोटी यांनी काढला होता. याच हेराल्डची चौकट आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. तिचा आकारही मिकेलोटींचाच. हेराल्ड घरातली समजूतदार थोरली बहीण आणि स्पिटफायर धाकटी, उनाड. गिअरबॉक्स मात्र दोघींचा एकाच घराण्यातला. स्पिटफायरचे शौकीन तिकडे आजही पुष्कळ आहेत, म्हणून तिचे सुटे भाग अजून नव्याने बनतात. धाकटीच्या लोकप्रियतेवर थोरलीचा दवाखाना चालतो तो असा.

आता घरातली खरी गोष्ट. अब्बा ब्याऐंशी वर्षांचे झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. आमच्यातल्या धाकट्याच्या मोबाइलमध्ये मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा नंबर होता. गाडी जशी आहे तशी उचलतो म्हणत होता. थोरल्याला हे पटत नव्हते. या विषयावरून आम्ही दोघे चार महिने धड बोललो नव्हतो. शेवटी अब्बांनाच विचारले. ते म्हणाले, “विकायची तर विका. पण ऐब लपवून विकू नका. आधी तिचा आवाज बंद करा.”

आवाज आम्हालाही ठाऊक होता. चौथ्या गिअरमध्ये गाडी शांत, खालच्या तिन्ही गिअरमध्ये रडायची. दुसरा गिअर तर उतारावर आपोआप सुटायचा. चौथ्यात इंजिनाची ताकद सरळ मागे जाते. खालच्या गिअरमध्ये ती बाजूच्या काउंटर शाफ्टवरून फिरून जाते. म्हणजे दुखणे त्या शाफ्टचे. या गिअरबॉक्सची ती जुनी खोडच आहे. शाफ्ट बारीक रोलरवर फिरतो, रोलर त्यावर चरे पाडतात, आणि मग दातांना दात नीट भिडत नाहीत.

पण जूनमध्ये रत्नागिरीत मिस्त्री मिळणे सोपे नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवलेल्या, आणि शहरातला प्रत्येक चांगला हात कुठल्या ना कुठल्या ट्रॉलरच्या इंजिनात गुंतलेला. ऑगस्टला नौका सुटली नाही तर खलाशांच्या घरची चूल अडते, तिथे आमच्या शौकाला कोण विचारणार? तरी एका उस्तादांनी अब्बांचे नाव ऐकून हो म्हटले. “चाचांनी मला पहिला पाना धरायला शिकवला. तुम्ही बॉक्स काढून आणा, रात्री बसू.”

हेराल्डचा गिअरबॉक्स खालून नव्हे, गाडीच्या आतून निघतो. पुढच्या सीट काढायच्या, मधला बोगद्यासारखा पत्रा सोडवायचा, मागचा दांडा आणि इंजिनाकडचे बोल्ट काढायचे, की बॉक्स मांडीवर घेऊन बाहेर. अब्बा खुर्चीवर बसून नजर ठेवून होते. प्रत्येक बोल्ट कुठला हे त्यांनी आम्हाला कागदावर लिहायला लावले.

उस्तादांच्या शेडमध्ये एका बाजूला ट्रॉलरचा गिअरबॉक्स उघडा पडलेला, बैलाच्या डोक्याएवढा. त्याला पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढेच कळते. शेजारी आमचा बॉक्स बाहुलीचा वाटत होता. डिझेलने धुऊन उघडल्यावर शाफ्टवर बोटाला लागतील असे चरे दिसले. दुसऱ्या गिअरची पितळी कडी झिजून गुळगुळीत झालेली. ही कडी गिअरच्या निमुळत्या तोंडावर घासून दोन्हींचा वेग सारखा करते, तेव्हाच दात न खरडता बसतात.

पहिल्या गिअरला मात्र या बॉक्समध्ये अशी कडीच नाही. १९७० च्या स्पिटफायरमध्ये ती आली. धाकट्याचे म्हणणे, तसलाच पुढचा बॉक्स मागवू, म्हणजे कोणीही चालवील. थोरला म्हणाला, मग क्लचपासून मागच्या दांड्यापर्यंत सगळे जुळवावे लागेल, आणि गाडी अब्बांची राहणार नाही. उस्तादांनी मधला मार्ग काढला. पेटी तीच ठेवायची, पण आतला काउंटर शाफ्ट नवा, कडक केलेला. त्याला पूर्वीपेक्षा जास्त रोलर, म्हणजे भार वाटला जाईल. नवे बेअरिंग, नव्या कड्या, नवे ऑइल सील. तेल जीएल-चार प्रतीचेच, कारण अधिक तेज तेलातली रसायने पितळ खाऊ शकतात. लागते लीटरभरापेक्षाही कमी.

तीन रात्री काम चालले. रोलर ग्रीसमध्ये चिकटवून एकेक बसवायचे. एक पडला की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या रात्री झाकण बसवले, दांडी हलवली, आणि सगळेच जाम. उस्तादांनी झाकण उघडले, पाहिले आणि शांतपणे विचारले, “मधली पिन कुठे आहे?”

गिअर बदलणाऱ्या सळयांच्या मध्ये एक छोटी पिन आणि गोळ्या असतात. एक सळई सरकली की त्या दुसरीला अडवून धरतात. त्या नसतील तर दोन गिअर एकाच वेळी लागतात आणि बॉक्स अडकतो. झाकण आम्ही घरी धुतले होते. गोळ्या डबीत होत्या, पिन नव्हती. कोणी हरवली यावरून उस्तादांच्या देखतच आमची जुंपली. चार महिन्यांचे सगळे बाहेर आले. उस्ताद म्हणाले, “दोघेही एकदम जोर लावताय. म्हणूनच जाम झालंय.”

घरी आलो तर अम्मीने जेवण झाकून ठेवले होते. तांदळाची भाकरी आणि सोड्यांचे कालवण, ताज्या मासळीचे हे दिवसच नव्हेत. ताटाशेजारी वाटीत ती पिन. धुताना पसरलेला वर्तमानपत्राचा कागद घडी करताना ग्रीसमध्ये चिकटलेली तिला मिळाली होती. “हे तुमचंच ना?” एवढेच ती म्हणाली.

पावसाने दोन तास उघडीप दिली त्या दिवशी गाडी बाहेर काढली. चालवायला थोरल्याची मुलगी, शेजारी अब्बा, मागे आम्ही दोघे गुडघे दुमडून. आधी थिबा पॅलेसकडे गेलो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणले, हा वाडा १९१० मध्ये बांधून दिला, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. परक्या गावात येऊन इथलीच होऊन राहिलेली आमची गाडी त्या वाड्यासमोर काही विचित्र दिसली नाही.

मग भाट्याचा पूल ओलांडला. डावीकडे खाडी, उजवीकडे गढूळ, खवळलेला समुद्र. पावसच्या वाटेवरच्या चढावर पुढे मालाचा ट्रक कण्हत चाललेला. गाडी दुसऱ्यात दमू लागली. न थांबता पहिला गिअर टाकायचा तर जुनी युक्तीच लागते.

“घाबरू नकोस,” अब्बा नातीला म्हणाले. “क्लच दाब, न्यूट्रल कर. क्लच सोड. थोडा रेस दे. आता पुन्हा क्लच, आणि टाक.”

तिने टाकला. खरडल्याचा आवाज झाला नाही. रडण्याचाही नाही. पावसाळी सड्यावर फक्त इंजिन बोलत होते. अब्बांचा डावा हात तिच्या हातावर होता. तो त्यांनी माथ्यावर पोहोचेपर्यंत काढला नाही.

परतीच्या गाडीत धाकट्याने मोबाइल काढला. त्या गिऱ्हाइकाला त्याने कळवले, “गाडीत आता ऐब नाही. पण सध्या ती शिकवण्याच्या कामात आहे.”